बॅटरी मागे नेताना

मोटारीच्या बॅटरीचे विभवांतर अवघे १२ व्होल्ट असते. तिच्या दोन्ही टोकांना कोरड्या हाताने स्पर्श केला तरी धक्का बसत नाही. तरीही बॅटरीतून निघणारी तार अंगठ्याएवढी जाड असते. घरात २३० व्होल्टची वीज आणणारी तार मात्र तिच्यापेक्षा कितीतरी बारीक असते. असे का? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न टाकला, तर बहुतेक मुले गोंधळतात. 'व्होल्ट जास्त तर तार जाड' अशी त्यांची समजूत झालेली असते. ही समजूत दूर करण्यासाठी एका जुन्या मोटारीचे उदाहरण फार उपयोगी पडते.

ही मोटार म्हणजे इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एम.जी.बी. ही दोन आसनी स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतल्या अनेक आजही हौशी मालकांनी चालत्या ठेवल्या आहेत. या मंडळींचा एक आवडता उद्योग म्हणजे बॅटरी बदलून अधिक चांगली बसवणे आणि जमल्यास तिची जागाही बदलणे. काम दिसायला सोपे आहे. पण त्यात ओहमचा नियम, तरफेचा नियम आणि रसायनशास्त्र अशी तिन्ही प्रकरणे एकत्र येतात, आणि एकाकडे जरी दुर्लक्ष झाले तरी गाडीला आग लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

मुळात रचना कशी होती?

एम.जी.बी.च्या सुरुवातीच्या गाड्यांत १२ व्होल्टची एक बॅटरी नव्हती. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या होत्या. आसनांच्या मागे, फरशीखाली, मागच्या आसाच्या थोडे पुढे, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही अंगांना एकेक लोखंडी पेटी असे. त्यांत या बॅटऱ्या बसत. शिसे-आम्ल बॅटरीचा एक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो. प्रत्येक बॅटरीत तीन घट, म्हणजे एकूण सहा घट आणि १२.६ व्होल्ट.

या रचनेचे दोन तोटे होते. पाणी घालायचे तर आसनामागचा गालिचा उचलून झाकण काढावे लागे, म्हणून ते काम टाळले जाई. दुसरे असे, की एकसरी जोडणीत एक घट कमकुवत झाला की सगळी साखळीच कमकुवत होते. शिवाय दोन बॅटऱ्या म्हणजे टोके चार आणि त्यांना जोडणारी एक जादा तार. जितके सांधे जास्त, तितकी बिघाडाची ठिकाणे जास्त. १९७४ नंतरच्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्यांत खुद्द कारखान्यानेच १२ व्होल्टची एक बॅटरी द्यायला सुरुवात केली.

मीटर १२.६ दाखवतो, तरी सेल्फ फिरत नाही

गाडी सुरू होत नाही म्हणून मालक बॅटरीला व्होल्टमीटर लावतो. काटा साडेबारा दाखवतो. दिवे लावून पाहतो, तर दिवेही लागतात. मग 'बॅटरी ठीक आहे' असा निष्कर्ष निघतो, आणि तो बहुधा चुकतो.

कारण दिव्यांना साधारण १० अँपियर विद्युतधारा लागते, तर इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला २०० अँपियरच्या घरात. वाटेत कुठेतरी सांध्यावर गंज चढून ०.०१ ओहम एवढाच रोध निर्माण झाला आहे असे समजू. दिवे लावले की तेथे खर्च होणारे विभवांतर १० × ०.०१, म्हणजे ०.१ व्होल्ट. हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. सेल्फ मारला की तेच २०० × ०.०१, म्हणजे २ व्होल्ट! शिवाय त्या सांध्यावर २०० × २ = ४०० वॉट उष्णता निर्माण होते. विजेच्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी शक्ती त्या लहानशा सांध्यावर एकवटते. सेल्फ मारल्यावर बॅटरीचे टोक हाताला गरम लागते, त्याचे कारण हेच.

बॅटरीच्या पोटातही रोध असतो. त्याला आपण अंतर्गत रोध म्हणतो. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.००६ ओहम धरला, तर २०० अँपियरला आतच १.२ व्होल्ट खर्च होतात. बॅटरी म्हातारी झाली आणि रोध ०.०१५ ओहमवर गेला, तर ३ व्होल्ट. विद्युतधारा वाहत नसताना मात्र दोन्ही बॅटऱ्या व्होल्टमीटरवर सारख्याच दिसतात. बॅटरीची खरी परीक्षा ती काम करत असतानाच घ्यावी लागते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. तारेची जाडी विभवांतरावर ठरत नाही, तारेतून किती विद्युतधारा जाणार आहे यावर ठरते. विभवांतर किती, हे तारेवरचे आवरण किती चांगले हवे ते ठरवते.

तार लांबली तर?

काही मालक बॅटरी आसनामागून काढून डिकीत नेतात. पुढे इंजिनाशेजारी बॅटरी असलेल्या इतर जुन्या गाड्यांतही असे करतात. त्यामुळे तार लांबते. तिचा रोध काढणे सोपे आहे. एक मीटर लांब आणि एक चौ. मि.मी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. त्याला लांबीने गुणायचे आणि छेदाच्या क्षेत्रफळाने भागायचे.

समजा, तार ४ मीटर लांब आहे. विद्युतधारा २०० अँपियर धरून हिशेब असा येतो:

छेद २.५ चौ. मि.मी. (घरातील जाड वायरिंगची तार): ५.५ व्होल्ट खर्च
छेद १० चौ. मि.मी.: सुमारे १.४ व्होल्ट खर्च
छेद २५ चौ. मि.मी.: ०.५५ व्होल्ट खर्च
छेद ५० चौ. मि.मी.: सुमारे ०.२८ व्होल्ट खर्च

पहिल्या तारेने सेल्फ फिरणार नाही आणि तारेचे आवरण वितळेल. शेवटच्या दोन तारांनी काम होईल. यावरून 'बॅटरी मागे नेली की गाडी नीट सुरू होत नाही' या तक्रारीचा उलगडा होतो. दोष अंतराचा नसतो. लांबी वाढवताना जाडी वाढवली नाही, हा दोष असतो.

परतीच्या वाटेचाही विचार हवा. मोटारीत बॅटरीचे एक टोक बॉडीला जोडतात आणि गाडीचे पोलादच परतीची तार म्हणून वापरतात. पोलादाची रोधकता तांब्याहून पुष्कळ जास्त आहे, पण बॉडीचा छेद मोठा असल्याने चालते. मात्र जोडाच्या जागी रंग किंवा गंज असला, तर मोठ्या छेदाचा काही उपयोग होत नाही. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेले असते आणि रबर वीज वाहून नेत नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक वेगळी पट्टी असते. ती तुटली तर विद्युतधारा मिळेल त्या वाटेने जाते. ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या बारीक पोलादी तारेतून गेली, तर ती तार तापून धूर निघतो. वीज कमी रोधाची वाट 'शोधते' असे आपण मुलांना सांगतो. प्रत्यक्षात ती उपलब्ध असलेल्या सर्व वाटांनी, त्यांच्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. चांगली वाट बंद झाली की सगळा भार वाईट वाटेवर येतो.

वजनाचा हिशेब

बॅटरीचे वस्तुमान १५ किलो धरू. एम.जी.बी.च्या पुढच्या आणि मागच्या आसांतील अंतर २.३१ मीटर आहे. मूळ जागा मागच्या आसाच्या ०.४ मीटर पुढे आणि डिकीतील जागा ०.४ मीटर मागे आहे असे समजून आघूर्णांचा नियम लावू.

मूळ जागी मागच्या चाकांवर १२.४ किलोचा आणि पुढच्या चाकांवर २.६ किलोचा भार येतो. डिकीत नेल्यावर मागच्या चाकांवर १७.६ किलो! बॅटरी १५ किलोची आणि भार मात्र त्याहून अधिक, हे कसे? कारण बॅटरी आता दोन टेकूंच्या बाहेर गेली. ती मागचा भाग खाली दाबते आणि त्याच वेळी पुढचा भाग २.६ किलोने हलका करते. बेरीज १५ किलोच राहते.

वळणावर गाडी स्वतःभोवती किती चटकन फिरते, हे वस्तुमान गुरुत्वमध्यापासून किती दूर आहे यावरही अवलंबून असते, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. गुरुत्वमध्य दोन्ही आसांच्या मध्यावर धरला, तर बॅटरीचे त्यापासूनचे अंतर ०.७५ मीटरवरून १.५५ मीटरवर जाते आणि तिचे जडत्व आघूर्ण चौपटीहून अधिक होते. अख्ख्या गाडीच्या मानाने हा वाटा लहान आहे, पण दिशा उलटी आहे. म्हणजे यामिकीच्या दृष्टीने मूळ आराखडाच अधिक योग्य होता. बॅटरी खाली होती, मध्याच्या जवळ होती आणि दोन्ही बाजूंना समान वाटलेली होती. म्हणून अनेक जाणकार मालक डिकीचा नाद सोडून जुन्या दोन पेट्यांपैकी एकीतच १२ व्होल्टची लहान, आधुनिक बॅटरी बसवतात. चार टोकांची दोन होतात, जोडतार जाते आणि वजनही घटते.

कोणती बॅटरी?

शिसे-आम्ल बॅटरीची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांची, १८५९ सालची. एक पट्टी शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. आम्ल खर्च होऊन पाणी बनते, म्हणून द्रवाची घनता कमी होते. चार्ज करताना हीच क्रिया उलट होते. चार्ज पूर्ण झाल्यावरही विद्युतधारा चालू ठेवली, तर पाण्याचेच अपघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. उघड्यावर हा वायू उडून जातो, बंद डिकीत मात्र साचतो. म्हणून पाण्याची साधी बॅटरी डिकीत ठेवायची तर तिच्या वायूला नळीने गाडीबाहेर वाट काढून द्यावीच लागते.

नव्या प्रकारच्या शोषक बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. ती कलंडली तरी आम्ल सांडत नाही, आणि आत निर्माण झालेल्या वायूंचे बहुतांशी पुन्हा पाणी होते. अंतर्गत रोधही कमी असतो. पण तीही अति चार्ज झाली तर झडपेतून वायू सोडते. म्हणून जुन्या गाडीचा व्होल्टेज रेग्युलेटर तपासल्याखेरीज ती बसवू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे वजन साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे असते, पण चार्जिंगच्या बाबतीत ती आणखी नाजूक आहे. गोठणबिंदूखालच्या थंडीत ती चार्ज केली तर कायमची बिघडू शकते.

मोठी बॅटरी बसवली की सर्व दुखणी जातील, हा समजही खरा नाही. बॅटरी ही टाकी आहे, तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर हा नळ. टाकी मोठी आणली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही.

पाना कोणत्या टोकाला आधी?

बॉडीला जोडलेले टोक आधी सोडावे आणि शेवटी लावावे, असा नियम आहे. दुसरे टोक आधी सोडायला घेतले आणि पाना बॉडीला टेकला, तर पान्यातून सरळ शॉर्टसर्किट होते. १२.६ व्होल्टला ०.००६ ओहमने भागले तर २,१०० अँपियर येतात! पान्याचा आणि सांध्याचा रोध धरून विद्युतधारा याहून कमी असेल, पण पाना लाल होण्यास ती पुरेशी असते. बॉडीचे टोक आधी सोडले असेल, तर पाना टेकूनही मंडल पूर्ण होत नाही.

येथे एक खाच आहे. 'काळी तार म्हणजे अर्थ' असे आपण गृहीत धरतो. पण १९६७ पर्यंतच्या एम.जी.बी.त बॉडीला धन टोक जोडलेले असे. त्या वर्षाच्या अखेरीस डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला आणि ऋण टोक बॉडीला जोडले जाऊ लागले. अल्टरनेटरमधील डायोड एकाच दिशेने वीज जाऊ देतात. बॅटरी उलटी जोडली तर डायोडमधून प्रचंड विद्युतधारा वाहून ते क्षणात जळतात. म्हणून रंगावर विसंबू नये. कोणते टोक बॉडीला गेले आहे ते डोळ्यांनी पाहावे.

डिकीबाबत आणखी एक धोका. एम.जी.बी.ची पेट्रोलची टाकी डिकीच्या फरशीखालीच लटकवलेली आहे. बॅटरीची चौकट बसवण्यासाठी वरून भोक पाडले, तर ड्रिल थेट टाकीत जाऊ शकते. तारही पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी कड्यातूनच न्यावी. एरवी धक्क्यांनी आवरण घासले जाते, आणि तारेला फ्यूज नसेल तर तोडणारे काहीच उरत नाही. बॅटरीजवळच एक मुख्य स्विच असावा, तो यासाठीच.

वर्गात काय करता येईल?

मोटारीची बॅटरी वर्गात आणून शॉर्ट करून दाखवू नये. टॉर्चचे सेल पुरेसे आहेत. एक नवा आणि एक बराच वापरलेला सेल घ्या. आधी नुसता व्होल्टमीटर लावा, मग टॉर्चचा दिवा जोडून पुन्हा वाचन घ्या. जुन्या सेलचे वाचन एकदम घसरते. ते का घसरले, हे मुलांनाच सांगू द्या.

दुसऱ्या प्रयोगासाठी दोन ताणकाटे आणि एक मोजपट्टी घ्या. पट्टी दोन्ही काट्यांना टांगा, मात्र तिचे एक टोक काट्याच्या बाहेर थोडे राहू द्या. एक वजन आधी दोन काट्यांच्या मध्ये आणि मग बाहेरच्या टोकाला अडकवा. दूरच्या काट्याचे वाचन कमी होताना आणि जवळच्याचे वजनापेक्षाही जास्त वाढताना दिसेल.

शेवटी हा प्रश्न द्या: सेल्फ मारताना बॅटरीचे शिशाचे टोक आणि त्यावर आवळलेला क्लँप या दोहोंच्या मध्ये व्होल्टमीटर लावला, तर किती वाचन यायला हवे? अर्धा व्होल्ट आले, तर बॅटरी बदलायची की क्लँप घासायचा?