धनलोभ

धनलोभ म्हणजे गरजा भागल्यानंतरही संपत्ती साठवीत राहण्याची आणि माणसाची योग्यता त्याच्या संपत्तीवरून ठरविण्याची प्रवृत्ती होय. धनार्जन आणि धनलोभ या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीय विचारात 'अर्थ' हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला आहे, तर 'लोभ' हा षड्रिपूंपैकी एक. संसारासाठी पैसा मिळविणे हे कर्तव्य ठरते. तोच पैसा साध्य होऊन बसला की त्याला लोभ म्हणतात.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रवृत्तीची सामाजिक बाजू मांडली. उपयोगापेक्षा इतरांना दिसावा म्हणून केलेला खर्च हे प्रतिष्ठेचे साधन बनते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ऐपत नसताना कर्ज काढून होणारी लग्ने पाहिलेल्या वाचकाला याचे वेगळे उदाहरण द्यावे लागत नाही.

मराठी परंपरा

सावकारीचा वारसा असलेल्या संत तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरेने सांगितले जाते. उरलेला वाटा त्यांनी धाकट्या भावाला दिला. या कथेतील हा तपशील बहुधा दुर्लक्षित राहतो. स्वतःचा त्याग दुसऱ्यावर न लादण्याचा विवेक त्यात आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, त्यामागे कर्मकांडांतून होणाऱ्या शोषणाला विरोध होता आणि साधा, कमी खर्चाचा विवाह हा त्या चळवळीचा महत्त्वाचा भाग होता.

मनमाड येथील घटना

धनलोभ हा केवळ व्यक्तीचा दुर्गुण नसून त्याची एक व्यवस्थाच उभी राहू शकते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मनमाड परिसरात दिसले. नांदगाव तालुक्यातील हे शहर मोठे रेल्वे जंक्शन आहे. येथेच फेब्रुवारी १९३८ मध्ये भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले होते. जातीच्या सत्तेशेजारी पैशाची सत्ता ठेवणारे ते भाषण रेल्वेच्या या गावात झाले, हे उचितच म्हणावे लागेल.

मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे साठवण डेपो आहेत. तेथून पेट्रोल, डिझेल व रॉकेल टँकरने ठिकठिकाणी जाते. रॉकेल हे त्या काळी गरिबांच्या स्टोव्हचे आणि दिव्याचे इंधन असल्याने शासन ते शिधापत्रिकेवर अल्प दरात देत असे. २०११ च्या सुरुवातीस रेशनचे रॉकेल लिटरमागे साधारण १२-१३ रुपयांना, तर डिझेल ४० रुपयांच्या आसपास मिळत होते. या तफावतीतूनच भेसळीचा धंदा उभा राहिला. डेपोतून भरून निघालेला टँकर वाटेत एखाद्या ढाब्यामागे थांबे, त्यातील काही इंधन काढून घेतले जाई आणि तेवढीच भर रॉकेलने केली जाई. रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळलेला असे. तो काढून टाकण्याच्या युक्त्याही शोधल्या गेल्या. परिणामी वाहनांची इंजिने खराब होत, धूर वाढे आणि रेशन दुकानासमोर डबा घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाला 'कोटा संपला' हे उत्तर मिळे.

२५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे या भागातून जात असताना त्यांना पानेवाडीजवळ एका ढाब्याशी टँकरमधून इंधनाची चोरी होत असल्याचा संशय आला. त्यांनी थांबून चौकशी सुरू केली. तेथे त्यांच्यावर हल्ला झाला आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. या झटापटीत मुख्य संशयितही भाजला व काही दिवसांनी मरण पावला. राज्यभरातील शासकीय कर्मचाऱ्यांनी निषेधार्थ काम बंद ठेवले, ठिकठिकाणी छापे पडले आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सुमारे पाच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २००५ मध्ये, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचीही भेसळ करणारा पंप बंद पाडल्याबद्दल गोळ्या घालून हत्या झाली होती.

जीवनावश्यक वस्तू अधिनियम १९५५ पासून अस्तित्वात होता; तेव्हा कायदा नव्हता असे म्हणता येत नाही. असा धंदा चालण्यासाठी चालक, ढाबेवाला, दुकानदार, पंपचालक आणि डोळेझाक करणारा अधिकारी अशी साखळी लागते. साखळीतील प्रत्येकाचा वाटा लहान असतो आणि म्हणूनच प्रत्येकाला आपला दोषही लहान वाटतो. अशा मार्गाने श्रीमंत झालेल्या माणसाला गावात मान मिळतो, त्याच्या वर्गणीने उत्सव होतात. पैसा कोठून आला हे विचारणे असभ्य समजले जाते.

नंतरची स्थिती

२०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर थोडा थोडा वाढविण्यात आला आणि अनुदान क्रमाने संपले. त्याच वर्षी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस जोडणी पोचली. दरांतील तफावत घटल्याने डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्यातील नफाही घटला.