टिंबांची रेषा

सीतासावंगी, लोहंगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुवा. नागपूर, भंडारा, छिंदवाडा या पट्ट्यातली ही गावं भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला याच क्रमाने, खालून वर, पाठ असतात. कारण सौंसर समूहातल्या खडकांना हीच नावं दिलेली आहेत. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी या थरांनी एवढा दाब आणि एवढी उष्णता सोसली की वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, चिखलाचा शिस्ट आणि चुनखडकाचा संगमरवर. परीक्षेत हा क्रम सगळे बिनचूक लिहितात. मग हिवाळ्यात रामटेक-देवलापारकडे मॅपिंगचा कॅम्प लागतो. हातात टोपोशीट देऊन मी सांगतो, ‘यातला कुठला थर कुठे संपतो ते दाखव,’ आणि वर्गात पुढच्या बाकावर बसणारेही गप्प होतात.

पहिल्या दिवशीचा एक प्रसंग तर दर बॅचला घडतो. कुणाला तरी रस्त्याकडेला एक सुरेख, सपाट पृष्ठभागाचा दगड सापडतो. क्लायनोमीटर टेकवला जातो, स्ट्राइक आणि डिप वहीत उतरतात, मागून चारपाच जण तेच रीडिंग लिहून घेतात. मी जवळ जाऊन दगडाला पाय लावतो. दगड हलतो. तो जेसीबीने आणून टाकलेला असतो किंवा वरून घरंगळलेला. त्यानंतर कॅम्पभर मुलं एकमेकांना विचारत राहतात, “इन सिटू आहे का रे? हलवून पाहिला का?”

खडक जागचा असला तरी कललेला पृष्ठभाग डोळ्यांना चकवतो. अशा वेळी मी बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओतायला लावतो. धार ज्या दिशेने पळते तो उतार, म्हणजे डिप; तिला काटकोनात स्ट्राइक. वर्गात फळ्यावर किती आकृत्या काढल्या तरी जे डोक्यात शिरत नाही, ते ओंजळभर पाण्याने शिरतं.

होकायंत्राचं तंत्र वेगळं. कमरेला अडकवलेला हातोडा, चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हर, यांनी सुई सरकते हे सांगून ठेवावं लागतं. पण हा मॅंगनीजचा मुलूख आहे. भूवैज्ञानिक फर्मर यांनी 1909 साली भारतातल्या मॅंगनीज साठ्यांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात या भागाला मानाचं स्थान आहे. इथल्या खनिजांपैकी व्रेडेनबर्गाइट चक्क चुंबकाला ओढतं. म्हणून जुन्या खाणीच्या ढिगाऱ्याजवळचं रीडिंग शेजारच्या रीडिंगांशी जुळलं नाही, तर ते खोडायचं नाही. शेजारी कारण लिहायचं, मग दूर जाऊन पुन्हा घ्यायचं.

ॲसिडच्या बाटलीवर तर मुलांचा फार जीव. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की लोहंगीचा कॅल्साइटयुक्त संगमरवर लगेच फसफसतो. बिचुवाचा संगमरवर डोलोमाइटचा. तो गप्प राहतो; चाकूने खरवडून भुकटी केली की मगच बुडबुडे येतात. एकदा एका गटाने एका टेकडीची अख्खी कडा संगमरवराच्या रंगाने भरून आणली. थेंब टाकला होता, फसफस पाहिली होती, वहीत नोंदही होती. मी तिथे गेलो, हातोड्याने ताजा तुकडा काढला आणि आतल्या बाजूला थेंब टाकायला सांगितला. काही झालं नाही. चाकूचा ओरखडाही उठेना. क्वार्ट्झाइटवर कंकराचा, म्हणजे मातीतल्या चुन्याचा, पातळ लेप बसला होता आणि फसफसला होता तो. त्या मुलांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. जे दिसलं ते लिहिलं होतं, पण खडक फोडला नव्हता. त्या दिवसापासून बाटली मागायला येणाऱ्याला मी आधी हातोडा दाखवायला लावतो.

परवानग्या, जेवणाचा ठेका, कॅम्पची जागा, पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या भागात अंधाराआधी परतण्याची सक्ती, हे सगळं दरवर्षीचंच. खरं काम सुरू होतं संध्याकाळी, कंदिलासारखे मिणमिणते दिवे असलेल्या हॉलमध्ये, दिवसभराच्या पेन्सिल रेषांवर शाई चढवताना. नियम एकच: ज्या दिवसाचं काम त्याच रात्री शाईत. दोन खडकांची सीमा डोळ्यांनी पाहिली असेल तर सलग रेषा, अंदाजाने जोडली असेल तर तुटक, मातीखाली दडलेली असेल तर टिंबं. आमच्या टोपोशीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. पेन्सिलीला टोक नसेल तर रेषेच्या जाडीतच कुणाचं तरी शेत बुडतं.

या भागात सीमा सहसा दिसत नाही, त्यालाही कारण आहे. क्वार्ट्झाइट टणक, तो टेकडी होऊन उभा राहतो. शिस्ट आणि संगमरवर झिजतात, त्यांची शेतं होतात. म्हणजे सीमा नेमकी हरभऱ्याखाली.

अशाच एका रात्री दोन गटांचे नकाशे शेजारी ठेवले, तर नाल्यापाशी चोरबावली क्वार्ट्झाइटची सीमा जुळेना. आठ मिलिमीटरांचा फरक, जमिनीवर 400 मीटर. एका गटाची रेषा सलग होती. “ही कुणी पाहिली?” मी विचारलं. उत्तर आलं, “सर, उतार तिथंच संपतो.”

सकाळी दोन्ही गट तिथे नेले. दुसऱ्या गटातल्या एका मुलीचं म्हणणं असं की टेकडीवरून घरंगळलेले क्वार्ट्झाइटचे दगड दूरवर पसरलेत, म्हणून उतार लांब वाटतो. खडक आधीच संपला असणार. ती शांतपणे बोलत होती, पण मागे हटत नव्हती. आमचा गलका ऐकून शेताची मालकीण बांधावर आली.

“का पाहून राह्यले जी? सोनं निंघते का आमच्या वावरात?”

तिच्या प्रश्नाला आधार होता. विहीर खणताना निघालेला दगड उन्हात चमकायचा. विहिरीपाशी गेलो. ढिगाऱ्यात अभ्रकाने झळाळणारा शिस्ट होता, जुनेवानीचा. पहिल्या गटाने ही विहीर क्वार्ट्झाइटच्या रंगात घेतली होती. त्या बाईंना मुलीने अभ्रक नखाने सोलून दाखवलं, सोनं का नाही ते सांगितलं. बाईंनी विहीर किती हात खोल गेल्यावर हा दगड लागला ते सांगितलं. त्या सकाळची सर्वांत मोलाची नोंद ती.

मग खरा वाद झाला. पहिल्या गटाला टेकडीचा पायथा आणि विहीर यांच्या मधोमध सलग रेषा हवी होती. नकाशा नीटनेटका दिसतो, परीक्षक खूश होतात. मुलगी म्हणाली, टिंबंच द्यायची. मी मध्ये पडलो नाही. त्या रात्री त्यांना भूवैज्ञानिक वेस्ट यांची गोष्ट सांगितली. याच देवलापारच्या खडकांवरून वेस्ट यांनी 1936 मध्ये मांडलं की इथे एक अख्खी चादर दुसऱ्या खडकांवर ढकलली गेली आहे. पुढच्या अभ्यासकांनी त्याच टेकड्या तुडवून घड्यांची वेगळी रचना सुचवली. हे शक्य झालं, कारण कोणी काय पाहिलं आणि काय ताडलं हे कागदावर वेगळं ठेवलेलं होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालकपद भूषवल्यानंतर हेच वेस्ट सागर विद्यापीठात भूशास्त्र शिकवू लागले. मला त्यांच्याबद्दल त्या दुसऱ्या कामासाठी अधिक आदर आहे.

नकाशात शेवटी टिंबं आली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांचं बोट नेमकं तिथेच थांबलं. मुलीने विहीर सांगितली, खोली सांगितली, आणि पायथ्यापासून विहिरीपर्यंत काहीच दिसत नाही हेही सांगितलं. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, तो नकाशा मात्र बराच वेळ हातात ठेवला.

ती आता भूजल सर्वेक्षण यंत्रणेत काम करते. मध्यंतरी तिचा फोन आला. त्याच शेताच्या वरच्या अंगाला नवी विहीर झाली आहे, घरंगळलेल्या दगडांखाली तळाला क्वार्ट्झाइट लागला आहे, तुकडा पाठवते म्हणाली. विभागातल्या मूळ प्रतीवर आम्ही ती विहीर नोंदवली आणि टिंबं दोन विहिरींच्या मधल्या पट्ट्यात सरकवली. यंदाच्या बॅचला मी तोच कोपरा देणार आहे.