बोगद्यात रेंज नसते, ते बरंच!

रत्नागिरीहून मुलांना घेऊन रेल्वेने खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला निघालात, की मोबाइलचा हट्ट खोपोलीत नाही, गाडी स्टेशनातून हलली की लगेच सुरू होतो. आमचा उपाय म्हणजे खिडकीची जागा आणि बोगद्यांची मोजणी. भोके आणि उक्षीच्या मध्ये करबुड्याचा बोगदा लागतो, तब्बल साडेसहा किलोमीटरचा. तो किती मिनिटांत संपेल, यावर पैज लावा. रेंज गेलेली असते, कार्टून आपोआप अडकतं!

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलेलं स्क्रीन बघण्याचं प्रमाण असं: दोन वर्षांखालच्यांना स्क्रीन नाही (नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल), दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहाला दोन तासांच्या आत. सुट्टीत थोडं पुढेमागे होणारच, त्याचा बाऊ नको.

खरी कसोटी राइडच्या रांगेत. तिथे गाण्याच्या भेंड्या लावा. मोठ्या मुलाला घरचा फोटोग्राफर करा, म्हणजे फोन हातात असूनही नजर माणसांवर राहते. आणि हो, आईबाबांचं रील बघणंही रांगेत बंद! पोरं तेच बघून शिकतात.

तुमच्याकडे रांगेत कोणते खेळ चालतात? जरूर कळवा.