मधल्या अक्षराला राखण नव्हती

आमच्या विंचुरात ‘ध चा मा’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. मी शाळेत असताना वडिलांनी एकदा कांद्याची हिशेबपट्टी दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, “बघ, ध चा मा केलाय.” कुणा आडत्याने तोलाईच्या १२ मधल्या एकाला वळसा देऊन ९२ केले होते. प्रश्न ८० रुपयांचा होता, पण तेव्हापासून खाडाखोड दिसली की माझी नजर तिथेच अडकते. पुढे मोडी शिकलो तो, खरं सांगायचं तर, त्या एका अक्षरापायी.

गावही या म्हणीमागच्या गोष्टीच्या वाटेवरच आहे. एका अंगाला येवल्यावरून पुढे कोपरगाव, जिथे नारायणराव पेशव्यांचे चुलते राघोबादादा ११ डिसेंबर १७८३ रोजी वारले. दुसऱ्या अंगाला नाशिकजवळची आनंदवली, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या अखेरच्या दिवसांची जागा. आणि मधोमध विंचूरकरांचं हे गाव. विठ्ठल शिवदेव दादांच्या उत्तरेकडच्या मोहिमांत होते, पानिपतातून जिवंत परतले आणि नारायणरावांच्या खुनाआधीच गेले. तेव्हा आमच्या सरदारांवर निदान हा तरी डाग नाही.

खुनाची हकिगत वाचकांना पाठ असेल. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी, अठरा वर्षांचा पेशवा. ती सोडून मी कागदाकडे येतो.

‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, हे आपण कुणाच्या भरवशावर म्हणतो? ठळक छापील आधार ग्रँट डफचा. साताऱ्याला कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून राहिलेल्या या माणसाचा इतिहास १८२६ साली आला, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. त्याचं म्हणणं असं की, दादांनी न्यायाधीश रामशास्त्र्यांपाशी कबुली दिली : धरण्याचा हुकूम मी लिहिला, मारण्याचा नाही. पुढे रामशास्त्र्यांच्या हाती मूळ कागद लागला आणि त्यात शब्द बदललेला निघाला. बदल आनंदीबाईंनी केला, अशी सर्वांची समजूत आहे. शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबा. कागद ‘सापडला’, बदल ‘दिसला’, पण बदलणारा हात फक्त ‘समजुतीत’ आहे. तो मूळ कागद आज कुणालाही दाखवता येत नाही.

आणि ही गोष्ट मुळात आरोपीचा बचाव आहे, हे आपण साफ विसरतो. ‘मी धरायलाच सांगितलं होतं’ हे वाक्य ज्याच्या गळ्याशी दोर आलाय त्याचं आहे. रामशास्त्र्यांनी तर त्याला भीक घातली नाही. त्यांनी देहान्त प्रायश्चित्तच सांगितलं. दोन शतकं भीक घातली ती आपण, नाटकांनी आणि शाळेच्या पुस्तकांनी.

समजा उद्या जुन्या कागदांच्या एखाद्या रुमालात तो कागद निघाला. तो खरा की बनावट, हे कसं ठरवायचं? आजचा माणूस आधी सही शोधेल आणि तिथेच चुकेल. पेशवाईतल्या सरकारी कागदाचा खरेपणा सहीवर उभा नव्हता. वर शिक्का, मजकूर कारकुनाच्या हातचा, शेवटी मोर्तब. मोर्तब शेवटच्या शब्दाला लागून, म्हणजे खाली ओळ घुसवायला जागा उरू नये. कागदाला कागद चिकटवला असेल तर जोडावर शिक्का, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये. हुंडीत आकडा अक्षरी लिहून वर ‘निमे इतके, त्याची दुप्पट’ अशी गाठ मारत. (आमच्या आडत्यावर हा नियम कुणी लावला असता तर!) टोकं राखली, जोड राखले. मधल्या अक्षराला मात्र कागदावर राखण नव्हती. ती राखण दप्तरात होती : तिथली नोंद आणि नक्कल मुळाशी ताडून बघता येई.

आता दादांचा कागद घ्या. लिहिणारा शनिवारवाड्यात नजरकैदेत. पेशव्यांचा शिक्का कैद्याकडे कुठून येणार? खुनाच्या किंवा धरपकडीच्या कटाची नोंद दप्तरात कोण करून ठेवणार? म्हणजे शिक्का नाही, मोर्तब नाही, नक्कल नाही. उरतं फक्त हस्ताक्षर. ते ताडायला दादांच्याच हातचा निःसंशय नमुना हवा. कारकुनाने त्यांच्या नावाने लिहिलेली पत्रं इथे कुचकामी.

शाईही फार मदत करणार नाही. युरोपातली जुनी लोहयुक्त शाई अवरक्त प्रकाशात विरत जाते आणि काजळाची काळीच राहते, त्यामुळे या दोन शाया वेगळ्या काढता येतात. पण काजळावर काजळ फिरवलं असेल तर दोन्ही सारखीच काळी. मग बघायचा तो कागद. जुना कागद घोटून गुळगुळीत केलेला असतो. खरवडला की घोटाई जाते आणि तिथे नवी शाई फुटते.

मी बोरूने हा खेळ पुष्कळदा करून पाहिला. मोडीत आधी ओळ आखायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. हात उचलायचा नाही, शब्दांत अंतर सोडायचं नाही. ‘धरावे’चं ‘मारावे’ करायचं तर नुसता ध पालटून भागत नाही, त्याला काना हवा, आणि तो शिरायला ध आणि र यांच्यामध्ये फट हवी. माझ्या हातून दर वेळी एकतर र चिरडला गेला, नाहीतर काना लोंबकळला. हा पुरावा नव्हे, माझा हातही काही चिटणिसाचा नव्हे. पण एका फटकाऱ्यात ध चा मा होतो, ही कल्पना बोरू न धरलेल्या माणसाची आहे, असं माझं मत झालं आहे.

हस्ताक्षराच्या नमुन्याचा धोका किती मोठा, हे १९८३ साली जर्मनीत दिसलं. ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या मिळाल्याचा डंका पिटला. हस्ताक्षरतज्ज्ञांनी होकार दिला, कारण ताडायला दिलेल्या ‘अस्सल’ नमुन्यांतही त्याच भामट्याची, कोन्राड कुयाऊची, कारागिरी मिसळलेली होती. बिंग फुटलं ते कागदामुळे : त्यात युद्धानंतरच वापरात आलेलं शुभ्रक सापडलं.

उलटं उदाहरण कातिनच्या हत्याकांडाचं. पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्याचा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याचा मार्च १९४० चा प्रस्ताव १९९२ साली उघड झाला. त्यावर स्टालिनची सही, खाली व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान. रशियात आजही काही जण तो बनावट म्हणतात. पण नताल्या लेबेदेवा या अभ्यासक बाईंनी त्याआधीच, १९९० मध्ये, कैद्यांना नेणाऱ्या पहारेकरी दलाची कागदपत्रं शोधून पुढे आणली होती. कुठल्या छावणीतून किती माणसं निघाली, याचे ते रुक्ष हिशेब. शिवाय केजीबीप्रमुख शेलेपिनचं १९५९ चं टिपण आहे, त्यात मारलेल्यांचा आकडा २१,८५७. सही पुसून टाकली तरी हे हिशेब बोलतात. जुलमी सत्तेला कारकून लागतात आणि कारकून नोंदी ठेवतात. स्टालिन सापडतो तो तिथे.

दादांच्या हुकुमाभोवती असं दप्तर नाही. म्हणून माझा निवाडा असा : दादांवरचा दोष कागदाशिवायही उभा राहतो, कारण हुकूम दिल्याचं डफच्या हकिगतीत ते स्वतःच कबूल करतात. आनंदीबाईंवरचा खाडाखोडीचा आरोप शाबीत नाही. १७९४ साली त्या वारल्या, आरोप मात्र म्हणीत जाऊन बसला.

निफाड-येवल्याकडच्या जुन्या घरांत, माळ्यावर, अजून रुमाल आहेत. रद्दीत घालण्याआधी ते मोडी वाचणाऱ्या कुणाला दाखवा. आणि कृपा करून त्यांना लॅमिनेशन करू नका. खरवडलेलं अक्षर प्लास्टिकखाली कायमचं झाकलं जातं.