चेहरा जरा उशिरा बघा

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट साइज फोटो काढायला गेलं की मालक आधी विचारायचे, “नोकरीला लावायचाय की स्थळाला?” उत्तर काहीही द्या, पुढचं काम एकच असायचं. कॉम्प्युटरवर चेहरा थोडा उजळ करायचा, गालावरचे मुरमांचे डाग पुसायचे आणि आठ प्रती पाकिटात घालून द्यायच्या. माझी मावसबहीण एम.एस्सी. झाली त्या वर्षी मी तिच्याबरोबर तिथे गेले होते. “काका, उजळ करू नका, आहे तसाच द्या,” ती म्हणाली. काकांना ते पटलं नाही, पण त्यांनी दोन्ही तऱ्हेच्या चार-चार प्रती दिल्या. नोकरीच्या अर्जांना तिने आपला खरा फोटो लावला. स्थळांना मावशीने उजळ केलेला पाठवला.

या दोन्ही कागदांना मराठीत आपण एकच शब्द वापरतो, बायोडाटा. एकात उंचीच्या खाली ‘वर्ण’ असा रकाना असतो, दुसऱ्यात नसतो. पण फोटो दोन्हींवर असतो, वरच्या कोपऱ्यात, जिथे नजर आधी जाते. शिक्षण, अनुभव, टक्केवारी हे सगळं त्यानंतर वाचलं जातं. आणि आधी जे पाहिलं त्याच्या उजेडात वाचलं जातं.

हे आपल्याला घरोघरी माहीत आहे. तरी “शेवटी गुणच टिकतात” असं म्हणून आपण विषय मिटवतो. गुण टिकतात हे खरं, पण ते दाखवायची संधी कोणाला किती मिळते, याचा हिशेब वेगळा आहे. तो काही लोकांनी मांडूनही ठेवला आहे.

डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिका आणि कॅनडातल्या घरोघरच्या पाहण्यांमध्ये, माहिती घ्यायला आलेल्या माणसाने समोरच्या व्यक्तीच्या दिसण्यालाही पाचांपैकी एक श्रेणी दिलेली होती. या दोघांनी ती श्रेणी आणि पगार शेजारी-शेजारी ठेवले. शिक्षण, अनुभव वगैरे फरक वजा केल्यावरही दिसायला सामान्यापेक्षा कमी ठरलेल्यांचा पगार पाच ते दहा टक्क्यांनी कमी निघाला. देखण्यांना मिळणारा जादा लाभ याहून थोडा कमीच होता. म्हणजे देखणेपणाच्या बक्षिसापेक्षा साधं दिसण्याचा दंड मोठा. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली, ती म्हणजे हे फक्त बायकांपुरतं नाही. पुरुषही हा दंड भरतात, निदान तितकाच.

असं का होतं, याचा एक धागा १९२० पर्यंत मागे जातो. एडवर्ड थॉर्नडाइक हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकी लष्करातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले गुण तपासत होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते. वेगळ्या गुणांचे आकडे वेगळे यायला हवेत, पण ते एकमेकांना चिकटून चालत होते. ज्याची शरीरयष्टी चांगली वाटली, त्याची बुद्धी आणि चारित्र्यही चांगलंच ठरत होतं. थॉर्नडाइक यांनी याला ‘हेलो’ म्हटलं. आपल्याकडे त्यासाठी जुना शब्द आहे, प्रभावळ. देव्हाऱ्यातल्या मूर्तीमागची चांदीची प्रभावळ मूर्तीचा भाग नसते, पण तिच्यामुळे मूर्ती आणखी तेजस्वी वाटते. एका चांगल्या गोष्टीचा उजेड बाकीच्या सगळ्यांवर पडतो.

१९७२ मध्ये कॅरेन डायन, एलेन बर्शाइड आणि एलेन वॉल्स्टर यांनी विद्यार्थ्यांना अनोळखी माणसांचे नुसते फोटो दाखवले आणि त्यांच्याबद्दल अंदाज करायला सांगितलं. देखण्या चेहऱ्यांना विद्यार्थ्यांनी जास्त चांगला स्वभाव बहाल केला, चांगली नोकरी दिली, सुखाचा संसारही दिला. फक्त ते आई-वडील म्हणून जास्त चांगले असतील, असं मात्र कोणी म्हटलं नाही. एका फोटोवरून माणसाचं अख्खं आयुष्य लिहून टाकण्याचा हा प्रकार मला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाइतकाच ओळखीचा वाटतो. “मुलगी स्वभावाने चांगली दिसते” हे वाक्य आपण किती सहज बोलतो. स्वभाव दिसत नाही. दिसतो तो चेहरा.

इथपर्यंतचं सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात चाललेलं आहे. मला जास्त अस्वस्थ करतो तो १९७७ चा एक प्रयोग, कारण त्यात गोष्ट डोक्याबाहेर पडते. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँके आणि बर्शाइड यांनी मिनेसोटा विद्यापीठात एकमेकांना न ओळखणाऱ्या मुला-मुलींच्या जोड्या लावल्या. त्यांनी एकमेकांना पाहायचं नव्हतं, फक्त टेलिफोनसारख्या यंत्रणेवर दहा मिनिटं बोलायचं होतं. बोलण्याआधी प्रत्येक मुलाच्या हातात एक फोटो दिला गेला, “तिकडून बोलणारी मुलगी ही” असं सांगून. काहींना सुंदर मुलीचा फोटो मिळाला, काहींना साध्या दिसणाऱ्या मुलीचा. खरं म्हणजे फोटोचा आणि बोलणाऱ्या मुलीचा काहीच संबंध नव्हता. मुलींना तर अशा फोटोची कल्पनाही नव्हती.

सुंदर फोटो पाहिलेली मुलं जास्त आपुलकीने, जास्त उत्साहाने बोलली. यात नवल नाही. पुढे जे झालं ते मात्र विसरता येत नाही. नंतर काही त्रयस्थांना फक्त मुलींचा आवाज ऐकवण्यात आला. मुलांचं बोलणं नाही, फोटो नाही, काही नाही. ज्या मुली सुंदर ‘समजल्या गेल्या’ होत्या, त्या ऐकणाऱ्यांना जास्त मोकळ्या, जास्त मनमिळाऊ, जास्त आत्मविश्वासाने बोलणाऱ्या वाटल्या. दहा मिनिटांच्या चांगल्या वागणुकीने त्या खरोखर तशा झाल्या होत्या.

दहा मिनिटांत हे घडत असेल, तर पंधरा-वीस वर्षांत काय होत असेल?

याचं उत्तर शोधायला शाळेत जावं लागतं. मार्गरेट क्लिफर्ड आणि वॉल्स्टर यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या शिक्षकांना एक प्रगतिपुस्तक पाठवलं. गुण, हजेरी, शेरे सगळ्यांना सारखेच, फक्त चिकटवलेला फोटो वेगळा. देखण्या मुलाचा फोटो लावलेल्या त्याच प्रगतिपुस्तकावरून शिक्षकांनी मूल जास्त हुशार ठरवलं, पालक जास्त लक्ष घालत असतील असं मानलं आणि ते पुढे जास्त शिकेल असाही अंदाज केला.

हे वाचताना मला आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभ्या करायच्या मुली बाईच निवडायच्या. औक्षणाचं तबक कोणाच्या हातात, पुष्पगुच्छ कोणी द्यायचा, स्वागतगीताच्या पहिल्या रांगेत कोण. दरवर्षी त्याच चार-पाच जणी. त्या हुशार होत्याच असं नाही, त्यांचा गळा चांगला होता असंही नाही. बाकीच्या आम्ही खुर्च्या मांडायला, पडदा ओढायला आणि समूहगीताच्या मागच्या रांगेत. कोणी काही वाईट बोललं नाही. बाई मनाने चांगल्या होत्या आणि आपण निवड करतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. पण चौथीपासून दहावीपर्यंत सात वर्षं त्या चौघी-पाचजणी मोठ्या माणसांसमोर उभ्या राहिल्या, त्यांच्याशी दोन शब्द बोलल्या, माइकची भीती त्यांची केव्हाच गेली. अकरावीत पहिल्या दिवशी ओळख करून द्यायची वेळ आली, तेव्हा त्या सहज उठल्या. माझ्या बाकावरच्या मुलीला आपलं नाव धड सांगता येईना. तिला गणितात माझ्यापेक्षा वीस गुण जास्त होते.

मार्कुस मोबियस आणि तान्या रोझेनब्लाट यांचा २००६ चा निबंध याच जागी बोट ठेवतो. त्यांनी अर्जेंटिनातल्या विद्यार्थ्यांना दोन गटांत वाटलं. काही जण कामगार, काही जण मालक. काम होतं चक्रव्यूहासारखी कोडी सोडवण्याचं. त्यात दिसण्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि देखण्या कामगारांनी कोडी इतरांपेक्षा जास्त सोडवलीही नाहीत. तरी मालकांनी त्यांना जास्त पैसे देऊ केले. फरकाचा साधारण १५ ते २० टक्के भाग कामगाराच्या स्वतःवरच्या विश्वासातून आलेला निघाला. उरलेल्यात एक भाग मालकाच्या समजुतीचा होता, आणि एक भाग बोलण्याचा. ज्या मालकांनी चेहरा पाहिला नव्हता, फक्त फोनवर बोलले होते, त्यांच्यावरही देखण्या माणसाची छाप पडली. आयुष्यभर लोकांनी हसून ऐकून घेतलेला माणूस बोलतोच वेगळा. चेहरा झाकला तरी त्या चेहऱ्याला मिळालेली वागणूक आवाजात उतरलेली असते.

परदेशातल्या या अभ्यासांत मोजमाप होतं ते प्रामुख्याने चेहऱ्याच्या रेखीवपणाचं. आपल्याकडे त्याच्या आधी रंग येतो. नाकीडोळी नीटस आहे “पण” सावळी, हे वाक्य मराठी घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. रंगाला उन्हात राबण्याचा, वर्गाचा आणि जातीचा अर्थ चिकटलेला आहे, म्हणून तो नुसत्या आवडी-निवडीचा प्रश्न राहत नाही. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. पुढची कित्येक वर्षं तिच्या जाहिरातींत मुलीचा रंग उजळायचा आणि तिला नोकरी मिळायची, स्थळ मिळायचं. रंगावरून कोणाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने २०१४ मध्ये केले. २०२० मध्ये क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं चाळण्याची सोय काढून टाकली. हे सगळं चांगलंच झालं. पण आमच्या ओळखीच्या वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘वर्ण’ आजही आहे, आणि त्यापुढे ‘सावळा’ लिहिणारे आई-वडील विरळा. निमगोरा आणि गव्हाळ यांच्यापुढे पेन सरकत नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकातला एक मजकूर गाजला होता. हुंड्याच्या कारणांमध्ये मुलीचं कुरूप असणं हे एक कारण म्हणून दिलेलं होतं. अशा मुलीचं लग्न जमणं अवघड जातं आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असा त्याचा आशय. टीका झाली आणि तो मजकूर काढून टाकण्याची ग्वाही द्यावी लागली. माझी तक्रार पुस्तकाने व्यवहार सांगितला याची नाही. हुंडा मागणाऱ्याचा लोभ हे कारण न मांडता मुलीचा चेहरा हे कारण मांडलं गेलं, याची आहे. दंड भरणाऱ्यालाच दोषी ठरवण्याची ही सवय सतरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या हातात अभ्यास म्हणून दिली गेली.

देखणेपणाही नेहमी पथ्यावर पडत नाही. हॅरल्ड सिगल आणि नॅन्सी ऑस्ट्रोव्ह यांच्या १९७५ च्या प्रयोगात घरफोडी करणाऱ्या सुंदर आरोपीला लोकांनी कमी शिक्षा सुचवली, पण रूपाचा वापर करून फसवणूक करणारीला ती सवलत मिळाली नाही. वरच्या पदावर पोहोचलेल्या देखण्या बाईबद्दल कचेरीत काय कुजबुजतात, ते नोकरी करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. तिचं कामही दिसण्याच्याच खात्यावर लिहिलं जातं. तिथेही चेहराच मध्ये येतो.

मग करायचं काय? “दिसण्यावर जाऊ नका” हा उपदेश मला पुरेसा वाटत नाही. ज्युडिथ लँगलुआ यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की दोन-तीन महिन्यांचं तान्हं बाळसुद्धा मोठ्यांना सुंदर वाटणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं. डोळा तिकडे जाणारच. पण निर्णय घेताना चेहरा कितव्या क्रमांकावर बघायचा, हे आपल्या हातात आहे. आणि ते आपल्याला नवीनही नाही. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फोटो नसतो, बारकोडचं स्टिकर असतं. तपासणाऱ्या शिक्षकाच्या प्रामाणिकपणावर शंका म्हणून ते केलेलं नाही. चांगल्या माणसाच्याही हातून नकळत होणारी चूक टळावी, म्हणून केलेलं आहे.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या एड्रियन मेहिक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे कामाचा आहे. कोविडच्या काळात वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा आधी ज्या विषयांत शिक्षकांशी प्रत्यक्ष संबंध जास्त यायचा, त्यांत देखण्या मुलींना मिळणारा जादा गुणांचा फायदा नाहीसा झाला. मुलांचा मात्र टिकला. म्हणजे चेहरा बाजूला ठेवल्याने सगळं सरळ होईल असं नाही. आवाजात आणि वागण्यात मुरलेला फायदा उरतोच. पण एक मोठा भाग गळून पडतो, आणि त्याला पैसाही लागत नाही.

नोकरीच्या पहिल्या अर्जावर फोटो कशाला हवा? हिशेबनीस, शिक्षक, प्रोग्रॅमर, लॅब टेक्निशियन यांच्या निवडीत त्याचं काहीच काम नाही. ओळख पटवायला तो रुजू होताना घ्या. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच लिहा, शेवटी एकदम नको. लग्नाच्या फॉर्मवरचा ‘वर्ण’ हा रकाना छापणाऱ्या मंडळांनी तो पुढच्या छपाईत काढून टाकावा. कोणी विचारलं तर सांगा, आमच्याकडे नोंद नाही.

आणि शाळांतल्या बाईंना, सरांना एक कळकळीची विनंती. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं होतील. दारात औक्षणाला कोण उभं राहणार, पुष्पगुच्छ कोण देणार, माइकवर आभार कोण मानणार, हे यंदा तुम्ही निवडू नका. वर्गातल्या सगळ्या मुला-मुलींची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात घाला आणि एखाद्या पहिलीतल्या मुलाला काढायला सांगा.