मुष्टियुद्धातील अंतर

मुष्टियुद्धात गट पाडले जातात ते वजनावरून. उंचीवरून किंवा हातांच्या लांबीवरून नव्हे. त्यामुळे समान वजनाचा एक मल्ल शिडशिडीत व लांब हातांचा, तर दुसरा ठेंगणा व भरीव बांध्याचा, अशी जोडी वारंवार जमते. पहिल्याला दूर उभे राहून ठोसा मारता येतो. दुसऱ्याला त्यासाठी आधी जवळ पोहोचावे लागते. हे अंतर कसे तोडावे, यावर त्याचा जय आणि त्याच्या डोक्याची सुरक्षितता ही दोन्ही अवलंबून असतात.

नवशिका धीर एकवटून सरळ धावत जातो. यात दुहेरी तोटा आहे. प्रतिस्पर्ध्याचा सरळ डावा ठोसा त्याची वाटच पाहत असतो आणि धावणाऱ्याचा स्वतःचा वेग त्या ठोशाचा जोर वाढवतो. शिवाय धावताना पाय एकमेकांना ओलांडतात व तोल सुटतो. म्हणून पुढचा पाय थोडा सरकवावा आणि मागचा तेवढाच मागोमाग आणावा, हा पहिला पाठ होय. अंतर पायांनी तोडावयाचे असते, हातांनी नव्हे.

दुसरा पाठ डोक्याचा. ठोसा येताच मस्तक त्याच्या रेषेतून काढून प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या हाताच्या बाहेरच्या अंगास न्यावे; तेथे त्याचा उजवा हात सहजी पोहोचत नाही. लांबवलेला हात परत फिरताना क्षणभर निकामी असतो. त्या क्षणी हाताच्या मागोमाग आत शिरावे. हुलकावणी देऊन ठोसा आधीच काढून घेतला, तर ही संधी हवी तेव्हा निर्माण करता येते.

तिसरा पाठ जागेचा. ऑलिंपिक रिंगण दोरांच्या आत ६.१ मीटर लांबरुंद असते. पळत्याच्या पाठीमागे गोल फिरणारा दमतो. तिरके पाऊल टाकून त्याची वाट अडवणारा त्याला कोपऱ्यात आणतो. बालाघाटातील रामपायलीपासून कोकणापर्यंतच्या मराठी मुलखाला हुतूतूच्या मैदानावर हे तत्त्व परिचित आहे. तेथेही चढाई करणाऱ्याचा पाठलाग कामास येत नाही. त्याची परतीची वाट बंद करावी लागते.

आत शिरल्यावर कोपर वाकवून बरगड्यांवर व पोटावर आखूड ठोसे द्यावेत. लांब हातांना तेथे वाव नसतो. म्हणूनच उंच खेळाडू मिठी मारतो. पंच दोघांना अलग करतात आणि अंतर पुन्हा नव्याने तोडावे लागते. बाहेर पडताना सरळ मागे जाऊ नये, कारण ती नेमकी त्या लांब हाताच्या टप्प्यातली जागा असते. बगलेने निघावे.

या विद्येची थोरवी व तिची किंमत ही दोन्ही जो फ्रेझरच्या कारकिर्दीत दिसतात. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे त्याने आपल्याहून उंच व लांब हातांच्या महंमद अलीला सतत झुकत, डोलत गाठले. पंधराव्या फेरीत डाव्या ठोशाने खाली पाडले आणि सामना जिंकला. परंतु आत शिरताना त्यानेही पुष्कळ मार खाल्ला व नंतर त्याला रुग्णालयात राहावे लागले. १९७५ साली मनिला येथे त्याच अलीशी झुंजताना त्याचे डोळे सुजून मिटत आले, तेव्हा त्याचे मार्गदर्शक एडी फच यांनी शेवटच्या फेरीपूर्वीच त्याला थांबवले. तो निर्णय भित्रेपणाचा नव्हता, शहाणपणाचा होता.

हा खेळ आता मराठी मुलखाला दूरचा राहिलेला नाही. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमध्ये ८१ किलोंवरील गटात जागतिक युवा विजेती ठरली. तिच्यामागून हातमोजे चढवणाऱ्या मुलामुलींना शिकवताना मार सोसण्यास शौर्य म्हणू नये. प्रतिस्पर्ध्यापर्यंत जाणे एवढेच धैर्य पुरेसे नाही. मार चुकवून जाणे, काम साधणे आणि सुखरूप परत येणे, एवढे मिळून ते पूर्ण होते.