पोलीस खात्यातील पदे व त्यांची जबाबदारी

"पोलीस खात्यात सर्वांत मोठा अधिकारी कोण?" असा प्रश्न आम्ही एकदा आठवीच्या वर्गात विचारिला. मागल्या बाकावरील एका मुलाने तत्काळ उत्तर दिले, "हवालदार!" वर्ग हसला; परंतु त्या मुलाचे फारसे चुकले असे आम्हांस वाटत नाही. गणपतीच्या दिवसांत त्याच्या आळीत बंदोबस्तास येणाऱ्या हवालदाराहून मोठा अधिकारी त्याने पाहिलाच नव्हता. त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांपैकी तरी कितीजणांनी पाहिला असेल?

हा लेख लिहिण्यास दुसरेही एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका विधवा बाईंच्या घरी घरफोडी झाली व मुलीच्या लग्नासाठी जमविलेले दागिने गेले. बाई पोलीस ठाण्यावर गेल्या. तेथे बसलेल्या हवालदाराने "साहेब नाहीत, उद्या या," असे सांगून त्यांस परत पाठविले. दुसऱ्या दिवशीही साहेब नव्हते. तिसऱ्या दिवशी बाई गेल्याच नाहीत. आम्हांसही तेव्हा कायदा ठाऊक नव्हता. म्हणून आम्हीही त्यांस वाट पाहण्याचाच सल्ला दिला. ह्याचा खेद आम्हांस आजही वाटतो.

महाराष्ट्रात ह्या खात्याची पहिली पायरी म्हणजे पोलीस शिपाई. गस्त, पहारा, बंदोबस्त, समन्स बजावणे, कैद्यास न्यायालयात नेणे ही कामे त्याची. त्याच्यावर हवालदार, व हवालदारावर सहायक फौजदार. ही नावे जुनी आहेत. शिवकालात किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन असत. पायदळात पाच नाईकांवर एक हवालदार असे. मोगलांच्या अमदानीत फौजदार हा तर मोठ्या मुलुखाचा बंदोबस्त पाहणारा सरदार होता. आज फौजदार म्हणजे पोलीस उपनिरीक्षक. शब्दांचीही बढती आणि उतरती कळा असते, ती अशी!

ह्या खालच्या पायऱ्यांस कोणी हलके लेखू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर केवळ लाठी हाती असता ज्यांनी दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेविली आणि प्राण दिला, ते तुकाराम ओंबळे सहायक फौजदारच होते. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

खांद्यावरील चिन्हे ओळखणे मुलांस आवडेल. सहायक फौजदारास एक तारा, उपनिरीक्षकास दोन, निरीक्षकास तीन; आणि ताऱ्यांखाली तांबडी-निळी फीत. उपअधीक्षकासही तीनच तारे असतात, परंतु फीत नसते. एवढ्या फितीच्या अभावाने मनुष्य एक पायरी वर चढतो.

आता ठाण्याकडे वळू. ठाण्याचा प्रभारी बहुधा पोलीस निरीक्षक असतो. लहान ठाण्यांवर सहायक निरीक्षकही असतो. गुन्ह्याची पहिली खबर लिहून घेणे व तपास चालविणे ही जबाबदारी कायद्याने ह्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकिली आहे. मग तो बाहेर गेला किंवा आजारी पडला तर? कायद्याने ह्याचाही विचार केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत "प्रभारी अधिकारी" ह्या शब्दांची व्याख्या दिली आहे. प्रभारी गैरहजर असता ठाण्यात हजर असलेला, त्याच्या खालोखालचा आणि शिपायाहून वरच्या दर्जाचा जो अधिकारी, तोच त्या वेळेपुरता प्रभारी होय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हेच होते. अर्थात आमच्या शेजारीण बाईंस परत पाठविणारा हवालदार जर त्या वेळी ठाण्यातील वरिष्ठ असेल, तर त्या घटकेचा "साहेब" तो स्वतःच होता!

खबर दिली की ती लिहून घेऊन, वाचून दाखवून, तीवर सही घ्यावी लागते. आणि तिची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य द्यावी लागते. ठाण्याने नोंद नाकारिल्यास खबरीचा मजकूर लिहून टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडे पाठविता येतो. दखलपात्र गुन्हा दिसल्यास अधीक्षकाने स्वतः तपास करावा किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याकडून करवावा. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

अधीक्षक हा जिल्ह्याच्या पोलीस दलाचा प्रमुख. त्याच्या व ठाण्याच्या मध्ये उपअधीक्षक असतो. काही ठाण्यांचा मिळून झालेला उपविभाग तो पाहतो. मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या शहरांत नावे बदलतात: उपअधीक्षकाच्या जागी सहायक आयुक्त, अधीक्षकाच्या दर्जाचा उपायुक्त, आणि सर्वांवर पोलीस आयुक्त. अधीक्षकाच्या वरची पदे, म्हणजे उपमहानिरीक्षक, विशेष महानिरीक्षक, अपर महासंचालक, ही देखरेखीची व धोरणाची. सामान्य नागरिकाचा त्यांच्याशी क्वचितच संबंध येतो. राज्याच्या दलाचे प्रमुख पोलीस महासंचालक. जानेवारी २०२४ मध्ये हे पद महाराष्ट्रात प्रथमच एका स्त्रीकडे, श्रीमती रश्मी शुक्ला यांच्याकडे आले, हे आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे.

शिपाई, उपनिरीक्षक, उपअधीक्षक आणि भारतीय पोलीस सेवा अशा निरनिराळ्या पायऱ्यांवरून ह्या खात्यात थेट प्रवेश मिळतो. मधल्या दोहोंची परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो, शेवटची संघ लोकसेवा आयोग.

पदाचा दर्जा काही ठिकाणी नागरिकाचे संरक्षणही करितो. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करू नये असा नियम आहे. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील अथवा विकलांग मनुष्यास अटक करावयाची तर त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

एका गोष्टीत मात्र दर्जाचा सहसा काही उपयोग नसतो. सर्वसाधारण कायद्यानुसार आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मग तो शिपायापुढे दिलेला असो की महासंचालकांपुढे. असा जबाब घ्यावयाचा असेल तर आरोपीस दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते, आणि "कबुली देण्यास तू बांधलेला नाहीस" असे त्यास आधी बजावून मगच ते तो लिहून घेतात.